हे दाखवतंय कोण? शातोरूच्या रेंजवरून कोल्हापूरच्या घरात

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार, दुपारचा एक. कोल्हापुरात आत्याच्या घरी आम्ही सगळे माझ्या मोबाइलभोवती कोंडाळं करून बसलो होतो. टीव्हीचं रिचार्ज आदल्याच दिवशी संपलेलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत उतरला होता. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून नेम धरायचा. पडद्यावर त्याचा चेहरा आला, मग लक्ष्याचं वर्तुळ, बाजूला दशांशातला गुण. आत्यानं चष्मा सारखा केला आणि विचारलं, "तिकडं आपला क्यामेरावाला गेलाय व्हय रे?"

"न्हाई गं आत्या, हा कॅमेरा आपला नाही."

"मग हे दाखवतंय कोण?"

त्या गडबडीत मी तिला धड उत्तर दिलं नाही. पण तिनं विचारलं ते अगदी मुळाशी जाणारं होतं. ऑलिंपिक असो की विश्वचषक, परदेशातला खेळ आपल्या घरात कसा येतो हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. म्हणून आता सावकाशीनं सांगतो.

लग्नघरचा एकच व्हिडिओवाला

नेमबाजीच्या स्पर्धा पॅरिस शहरात नव्हत्याच. त्या झाल्या तिथून सुमारे २७० किलोमीटर दक्षिणेला, शातोरू गावाजवळच्या राष्ट्रीय नेमबाजी केंद्रात. अंतिम फेरीच्या हॉलमध्ये आठ नेमबाज, पंच, मागे प्रेक्षक. तिथं जगभरच्या वाहिन्यांनी आपापले कॅमेरे आणून उभे केले असते, तर नेमबाजाला कोपर हलवायलाही जागा उरली नसती.

म्हणून चित्रण एकानंच करायचं आणि ते सगळ्यांना द्यायचं, अशी रीत पडली आहे. लग्नात वधूपक्ष आणि वरपक्ष मिळून एकच व्हिडिओवाला ठरवतात ना, तसं. मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी तो एकदाच टिपतो. पुढं कुणी त्यावर सनई चढवावी, कुणी आपल्याकडच्या पाहुण्यांचा भाग ठेवून बाकीचा कापावा, ही ज्याची त्याची मर्जी.

या व्हिडिओवाल्याला यजमान प्रक्षेपक म्हणतात. ऑलिंपिकमध्ये हे काम ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस, म्हणजे ओबीएस, करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं ही संस्था २००१ मध्ये स्थापन केली. तिचं मुख्यालय माद्रिदला आहे. फुटबॉल विश्वचषकासाठी एचबीएस नावाची कंपनी २००२ पासून हे काम करत आली आहे, आणि क्रिकेटच्या जागतिक स्पर्धांचं चित्रण आयसीसी स्वतःच्या देखरेखीखाली करून घेते.

पॅरिसमध्ये ओबीएसनं हजाराहून अधिक कॅमेरे लावले आणि ११,००० तासांहून अधिक चित्रण तयार केलं. एका माणसानं डोळ्याला डोळा न लावता ते पाहायचं ठरवलं तर सव्वा वर्ष लागेल. एवढ्या कामाला लागणारी माणसं वर्षभर पगारावर ठेवणं कुणालाच परवडणार नाही. त्यामुळे त्या त्या खेळात मुरलेल्या तुकड्या वेगवेगळ्या देशांतून बोलावल्या जातात. टेबल टेनिस आणि बॅडमिंटनचं चित्रण चीनच्या सरकारी माध्यमसमूहाच्या तुकडीकडे होतं, आणि ते साहजिकच आहे. टेबल टेनिसचा चेंडू कधी, कुठून आणि किती वेगानं येणार हे ज्याच्या अंगात भिनलंय, त्याच माणसाचा हात कॅमेऱ्यावर असला पाहिजे.

या एकत्रित चित्रणाला धंद्यात 'वर्ल्ड फीड' म्हणतात. त्यात चित्र असतं, रिप्ले असतात, गुणफलक असतो आणि मैदानातला नैसर्गिक आवाज असतो: बंदुकीचा ठो, प्रेक्षकांची कुजबुज, पंचाचा हुकूम. समालोचन नसतं, जाहिराती नसतात, कुठल्या वाहिनीचं बोधचिन्ह नसतं. ते सगळं नंतर, ज्याच्या त्याच्या देशात चढतं.

आता यातली एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. वर्ल्ड फीडच्या दिग्दर्शकाला कुठल्याही एका देशाची बाजू घेता येत नाही. त्याला स्पर्धेची गोष्ट सांगायची असते, आणि गोष्ट बहुतेक वेळा पुढं असणाऱ्याच्या मागं जाते. दर ऑलिंपिकला आपल्याकडे तक्रार ऐकू येते: आपला खेळाडू मैदानात आहे आणि हे चॅनेलवाले त्याला दाखवतच नाहीत. माझे काका तर रिमोट आपटायचे. पण पात्रता फेरीत भारतीय खेळाडू तिसाव्या क्रमांकावर असेल, तर मुंबईतल्या वाहिनीच्या हातात त्याचं चित्रच नसतं. ती दाखवणार कुठून? ज्यांच्या गाठीला पैसा आहे, उदाहरणार्थ अमेरिकेची एनबीसी, त्या वाहिन्या वर्ल्ड फीडच्या जोडीला स्वतःचे थोडे कॅमेरे आणि स्वतःची माणसं मैदानावर ठेवतात, आणि आपल्या खेळाडूवर तो कॅमेरा रोखतात. त्यासाठी जागा वेगळी आरक्षित करावी लागते आणि तिचं भाडं वेगळं.

यजमानाचा कॅमेराच नसला तर काय होतं, हे भारतीयांना सांगायला नको. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स. झिम्बाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७, आणि तिथून कपिल देवच्या नाबाद १७५. त्या मैदानावर टीव्हीचा कॅमेरा नव्हता. म्हणून भारतीय क्रिकेटमधली ती सगळ्यात मोठी खेळी आज कुणालाही पाहता येत नाही. ती धावफलकात आहे आणि ज्यांनी पाहिली त्यांच्या आठवणीत.

गाडीतला काळोख

मैदानाबाहेर कुंपण घातलेल्या आवारात मोठमोठ्या गाड्या उभ्या असतात. ओबी व्हॅन, म्हणजे चाकांवरचा नियंत्रण कक्ष. आत काळोख, समोर भिंतभर पडदे, प्रत्येक पडद्यावर एकेका कॅमेऱ्याचं चित्र. दिग्दर्शक त्या भिंतीकडे बघत तोंडानं आकडे पुकारत असतो: 'तीन तयार... तीन घे... पाच तयार.' शेजारी बसलेला माणूस त्या आकड्याचं बटण दाबतो, आणि तेच चित्र जगाला दिसतं. बाकीचे कॅमेरे त्या क्षणी जे पाहत असतात ते कुणालाच दिसत नाही. एका क्षणी एकच चित्र निवडायचं आणि ती निवड परत फिरवता येत नाही, हे या कामातलं खरं दडपण.

आणखी काही जणांचं काम फक्त रिप्लेचं. त्यांच्या यंत्रात प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र सतत साठत असतं, आणि हवा तो तुकडा क्षणार्धात मागे नेऊन हळू गतीत काढता येतो. मघाचं चित्र लगेच परत दाखवण्याची सोय पहिल्यांदा वापरली गेली ७ डिसेंबर १९६३ रोजी, अमेरिकी लष्कर आणि नौदल यांच्या संघांमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात. करणारा दिग्दर्शक टोनी व्हर्ना. समालोचकाला तेव्हा प्रेक्षकांना सांगावं लागलं की पुन्हा गुण मिळवलेला नाही, मघाचंच चित्र परत दाखवतोय.

नेमबाजी हा खेळ मात्र दिग्दर्शकाची परीक्षा पाहणारा आहे. कबड्डीत सात जण एकावर तुटून पडतात, तिथं कॅमेरा कुठंही वळवा, काहीतरी घडतच असतं. नेमबाज हलत नाही. त्याचं सगळं कसबच न हलण्यात आहे. गोळी डोळ्याला दिसत नाही आणि पन्नास मीटरवरचं छिद्रही दिसत नाही. मग दाखवायचं काय? इथं गुणफलक धावून येतो. लक्ष्य इलेक्ट्रॉनिक असतं. गोळी नेमकी कुठं लागली हे ते मोजतं आणि लगेच दशांशातला गुण पडद्यावर पाठवतं. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. चेहरा, गुण, पुन्हा चेहरा, अशा क्रमानं दिग्दर्शक आपला श्वास रोखून धरतो. १०.८ आलं की नेमबाजाच्या पापणीत काय होतं आणि ९.३ आलं की काय होतं, ते टिपणारा जवळचा कॅमेरा हाच या खेळाचा प्राण.

तिरंदाजीत तर याच्याही पुढं गेले. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दिसत होते, आणि त्यांच्या अंगाला एकही यंत्र लावलेलं नव्हतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीच्या रंगात किंचित फरक पडतो, जो माणसाच्या डोळ्याला जाणवत नाही. काही अंतरावर ठेवलेले कॅमेरे तो फरक टिपून ठोके मोजत होते. शांत दिसणाऱ्या चेहऱ्याच्या आत काय चाललंय ते असं बाहेर येताना पाहून मी थक्क झालो होतो.

कॅमेरा कुठं रोखायचा, यात नुसतं तंत्र नसतं. ओबीएसचे प्रमुख यानिस एक्झार्खोस यांनी पॅरिसच्या आधी आपल्या कॅमेरावाल्यांना स्पष्ट सांगितलं होतं की स्त्री खेळाडूंचं चित्रण पुरुष खेळाडूंसारखंच झालं पाहिजे. अनेक खेळांत, नकळत का होईना, बायकांचे जवळून घेतलेले शॉट्स जास्त असतात आणि पुरुषांचा खेळ दिसतो, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं. एका खोलीतल्या मोजक्या माणसांची सवय अब्जावधी लोकांची नजर ठरवते, तेव्हा ती सवय तपासलीच पाहिजे.

तुकडा तुकडा विकलेलं जग

वर्ल्ड फीड तयार झाली म्हणजे ती कुणीही दाखवावी असं नाही. ती दाखवण्याचे हक्क देशादेशाप्रमाणे विकले जातात. पॅरिस ऑलिंपिकचे भारतातले हक्क वायाकॉम१८ कडे होते, अमेरिकेत एनबीसीकडे, आखातात बीइनकडे. म्हणूनच पुण्यात चालणारं ॲप न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या मराठी माणसाला खेळ दाखवत नाही. तो ज्या देशात बसलाय तिथले हक्क दुसऱ्याचे, आणि ॲपला त्याच्या इंटरनेट जोडणीवरून देश कळतो. परदेशी गेलेल्या भाच्याला 'तू पण बघ' म्हणून पाठवलेली लिंक उघडत नाही, याचं कारण तेच.

या विक्रीतून येणारा पैसा अवाढव्य असतो. एनबीसीनं २०१४ मध्ये २०२२ ते २०३२ पर्यंतच्या ऑलिंपिकसाठी ७.६५ अब्ज डॉलर मोजायचं कबूल केलं. ऑलिंपिक समितीच्या उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा प्रक्षेपण हक्कांतूनच येत आला आहे. मग ज्याचा पैसा त्याचं घड्याळ. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जलतरणाच्या अंतिम फेऱ्या सकाळी ठेवल्या गेल्या. एरवी अंतिम फेऱ्या संध्याकाळी असतात, पण बीजिंगची सकाळ म्हणजे अमेरिकेची रात्रीच्या जेवणानंतरची वेळ, आणि मायकल फेल्प्स तिथल्या प्रेक्षकांना त्याच वेळी हवा होता. जगातले उत्तम जलतरणपटू आपल्या शरीराचं घड्याळ बदलून सकाळी पाण्यात उतरले. फेल्प्सनं आठ सुवर्णपदकं जिंकली. तरीही खेळाडूपेक्षा प्रेक्षकाची सोय वर ठेवणारा तो निर्णय मला आजही पटत नाही.

भारतात पैशाचं गणित क्रिकेटभोवती फिरतं आणि त्याला खेळाची ठेवणही कारण आहे. एकदिवसीय सामन्यात शंभर षटकं, प्रत्येक षटकानंतर छोटी विश्रांती, शिवाय बाद झालेल्या प्रत्येक फलंदाजामागे एक. जाहिरातीला इतक्या खिडक्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या खेळात नाहीत. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटं घड्याळ थांबतच नाही. ऑलिंपिकमध्ये तर खेळाच्या जागेवर जाहिरातीचे फलक लावायलाच बंदी असते.

हा सगळा खासगी बाजार आहे, तर मग साध्या अँटेनावर दूरदर्शन पाहणाऱ्याचं काय? याचं उत्तर आपल्याकडे न्यायालयातून आलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये भारतात हिरो कप ही क्रिकेट स्पर्धा झाली. कोलकात्यातल्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या, चेंडू सचिन तेंडुलकरच्या हाती दिला आणि भारत दोन धावांनी जिंकला. हे सगळ्यांना आठवतं. त्याच स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून मैदानाबाहेर जे भांडण पेटलं ते फारसं कुणाला आठवत नाही. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हक्क एका परदेशी कंपनीला दिले होते. दूरदर्शनचं आणि सरकारचं म्हणणं की देशाबाहेर सिग्नल पाठवण्याचा अधिकार आमचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला: प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. आज आपल्याकडे जेवढ्या खासगी वाहिन्या दिसतात त्यांच्या मुळाशी हा निकाल आहे.

जनतेची मालमत्ता म्हटल्यावर जनतेला काही परत मिळालं पाहिजे. २००७ मध्ये कायदा झाला की राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या स्पर्धांचा सिग्नल हक्कदार वाहिनीनं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचा, आणि तोही स्वतःच्या जाहिरातींशिवाय. त्यावर प्रसार भारती ज्या जाहिराती दाखवेल त्यांच्या उत्पन्नाची वाटणी किमान ७५:२५, मोठा वाटा हक्कदाराचा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असा मिळालेला सिग्नल दूरदर्शननं आपल्या जमिनीवरच्या केंद्रांतून आणि फ्री डिशवर दाखवावा, केबलवाल्यांमार्फत नाही. मला हा कायदा मनापासून हवासा वाटतो. गावाकडे पत्र्यावर एक छत्री लावून महिन्याला पैसा न भरता टीव्ही पाहणारी घरं आजही आहेत, आणि देशाचा संघ खेळताना त्यांनी बाहेर उभं राहावं असं कुणाला वाटेल?

विमानातून आलेली फीत

स्वप्नीलनं ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एक नाव आलं: खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्य. मधे ७२ वर्षं गेली. खाशाबांची ती कुस्ती त्यांच्या गावात कुणी पाहिली? कुणीच नाही. भारतात टीव्ही सुरू झाला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत, आणि मुंबईत तर २ ऑक्टोबर १९७२ ला. कराडकरांनी पाहिलं ते थेट पदक घेऊन आलेल्या माणसाला, शंभरहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीत.

परदेशातही तेव्हा फार वेगळी गत नव्हती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचं चित्र शहरातल्या काही सार्वजनिक दालनांत दिसलं, तेवढंच. १९६० ला रोममधून युरोपातल्या काही देशांना थेट चित्र मिळालं, पण अमेरिकेसाठी सीबीएस वाहिनीला चित्रफिती विमानानं न्यूयॉर्कला पाठवाव्या लागल्या. खेळ होऊन गेल्यावर काही तासांनी लोक तो पाहत. चारच वर्षांनी, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं चित्र सिनकॉम ३ या उपग्रहानं महासागर ओलांडून थेट नेलं.

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर होता. त्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबर त्याच गतीनं फिरतो, म्हणून जमिनीवरून पाहता एकाच जागी टांगलेला वाटतो. आपल्या छतावरची डिश एकदा दिशा लावून घट्ट केली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही, ती याच कारणानं. भारतात १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला. माझ्या आईच्या माहेरी आख्खी आळी एका खोलीत बसून तो पाहायची.

शातोरू ते मुंबई

आता परत त्या दुपारकडे. कॅमेऱ्यातून निघालेलं चित्र ओबी व्हॅनमध्ये येतं आणि तिथून आवारातल्या तांत्रिक कक्षात. तिथून ते काचेच्या तंतूंतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, पॅरिसजवळच्या ल बुर्जेला उभारलेल्या आंतरराष्ट्रीय प्रक्षेपण केंद्रात जातं. महत्त्वाच्या ठिकाणी असे मार्ग दोन ठेवतात, दोन वेगळ्या वाटांनी. एका ठिकाणी कुणी खोदकामात तार तोडली तरी दुसरा चालू राहावा म्हणून. याच केंद्रात सगळ्या मैदानांची चित्रं एकवटतात, अगदी सर्फिंगचीसुद्धा, जे पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर, पॅरिसपासून पंधरा हजारांहून जास्त किलोमीटरवर भरलं होतं.

केंद्रातून प्रत्येक देशाची वाहिनी आपल्याला हवं ते उचलते. पूर्वी हे काम मुख्यतः उपग्रहानं व्हायचं. आता फायबर आणि क्लाउडचा वाटा फार वाढला आहे. फ्रान्समधल्या मार्सेयपासून मुंबईपर्यंत समुद्राच्या तळावरून जाणाऱ्या केबल्स आहेत. आयमीवी नावाची एक केबल इजिप्त, सौदी अरेबिया, कराची करत सुमारे बारा हजार किलोमीटरचा पल्ला गाठते. काचेत प्रकाश सेकंदाला जवळजवळ दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे बारा हजार किलोमीटर पार करायला त्याला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग पुरतो. उपग्रहाला जाऊन परत यायचं म्हटलं तरी पाव सेकंद. अंतर हा मुद्दाच राहिलेला नाही.

मुंबईत वाहिनीच्या नियंत्रण कक्षात या कोऱ्या चित्रावर आपले संस्कार होतात. समालोचक पुष्कळदा मैदानावर नसतातच. ते मुंबईतल्या छोट्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, आपल्यासारखाच पडदा बघत बोलतात. काही जणांना हे फसवं वाटतं. मला वाटत नाही, कारण एकाच चित्रावर पाच भाषांत बोलायचं तर पाच जोड्या फ्रान्सला पाठवणं कुठल्या खेळाला परवडेल? आणि आपल्या भाषेत खेळ ऐकण्याचं सुख वेगळंच असतं. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचं मराठी समालोचन ज्या गोडीनं केलं, त्यावर महाराष्ट्रातल्या एका पिढीचे कान तयार झाले.

जाहिरात नेमकी कधी सुरू करायची, हाही कौशल्याचा भाग. निर्माता फीडकडे बघून अंदाज बांधतो, 'आता पंच काहीतरी तपासणार, वीस सेकंद मिळतील,' आणि खेळ सुरू व्हायच्या आत परत आलं पाहिजे. अंदाज चुकला की महत्त्वाचा क्षण साबणाच्या जाहिरातीखाली जातो, आणि घरोघरी शिव्या पडतात.

शेजारी आधी का ओरडतात

अंतर कापायला पाव सेकंद पुरतो, मग मोबाइलवर खेळ उशिरा का दिसतो? हा वेळ खातं ते चित्राचं लहान होणं.

कॅमेऱ्यातून निघालेलं एचडी चित्र सेकंदाला दीड अब्ज बिटांचं असतं. आपल्या मोबाइलवर त्यातले काही दशलक्ष बिटच येतात. शेकडो पटींनी आवळायचं म्हणजे यंत्राला चलाखी करावी लागते: मघाच्या चित्रापेक्षा आताच्या चित्रात काय बदललं, तेवढंच पाठवायचं. नेमबाजीत मागची भिंत तशीच, माणूस तसाच, फक्त बोट हललं, काम सोपं. पावसात भिजलेला सेन नदीवरचा उद्घाटन सोहळा, जिथं प्रत्येक थेंब हलतोय, तिथं यंत्राला घाम फुटतो आणि चित्रात चौकोन दिसू लागतात. बदल ओळखायला आधीची-नंतरची चित्रं हातात धरून तुलना करावी लागते, आणि हातात धरणं म्हणजे वेळ. हे आवळणं वाटेत एकदा नाही, तीन-चार ठिकाणी होतं.

डीटीएच किंवा केबलवर या सगळ्याला काही सेकंद लागतात. मोबाइलवर आणखी एक टप्पा येतो. इथं चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवले जातात आणि आपला फोन एकेक तुकडा मागून घेतो. मधेच नेट अडखळलं तर चित्र थांबू नये म्हणून दोन-तीन तुकडे आधीच जमवून ठेवतो. सहा सेकंदांचे तीन तुकडे म्हणजे अठरा सेकंद तिथंच गेले.

टीव्ही आणि मोबाइल यांच्यातला मूळ फरक हा दवंडी आणि टपाल यांच्यातला आहे. चावडीवर दवंडी पिटली की ऐकणारे दहा असोत की दहा हजार, पिटणाऱ्याचे कष्ट तेवढेच. उपग्रहाचं तसंच आहे. टपाल मात्र प्रत्येक दारात वेगळं टाकावं लागतं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता, तेव्हा एका क्षणी ५.९ कोटी लोक एकाच ॲपवर तो पाहत होते. चार दिवस आधी वानखेडेवर विराट कोहलीनं पन्नासावं एकदिवसीय शतक ठोकलं त्या उपांत्य सामन्यात हा आकडा ५.३ कोटी होता. तितक्या दारांत, दर काही सेकंदांनी एक पत्र. विकेट पडली की सगळे एकदम ॲप उघडतात, सामना हातचा गेला की एकदम बंद करतात. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो तो या भरती-ओहोटीनं.

आत्याच्या घरी त्या दुपारी माझ्या मोबाइलवर स्वप्नील अजून उभ्या स्थितीत नेम धरून होता. गाल रायफलीला टेकलेला, डोळा स्थिर. चौथ्या क्रमांकाचा नेमबाज बाहेर पडायचा होता. तो पडला की पदक पक्कं. आम्ही कुणी बोलत नव्हतो. तेवढ्यात पलीकडच्या घरातून, जिथं डिशवर टीव्ही चालू होता, एकच आरोळी उठली. मग दोन घरं सोडून दुसरी. खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

माझ्या पडद्यावर त्याचं बोट अजून घोड्यावर होतं.

"झालं वाटतं रे," आत्या म्हणाली, आणि मोबाइलवरची नजर न काढता तिनं माझा हात घट्ट धरला.